दिवेवाल्याचा कप

कप पालथा होता. सिंकच्या कडेला, धुतलेला, पालथा. आणि त्याच्या काठाखाली पाण्याचं बारीक वर्तुळ साचलं होतं, म्हणजे धुऊन फार वेळ झाला नव्हता. तिने हात पुढे केला आणि कप गरम असावा तसा मागे घेतला... निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला – त्याचाच. शेजारी चमचा, तोही धुतलेला. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत या कपाचा, याच्या आधी फुटून गेलेल्या सगळ्या कपांचाही, रोजचा प्रवास ठरलेला होता: टेबलावरून सिंकमध्ये, आत चमचा उभा, तळाशी साखरेचा तपकिरी चिखल. पुढचा प्रवास तिच्या हातून. त्यावरून ती भांडली नव्हती असं नाही. सुरुवातीची काही वर्षं भांडली, मग आठवण करून देत राहिली, मग टोमणे मारले, आणि टोमण्यांचाही कंटाळा आला तेव्हा... लिहिलं.

तो कामावर निघून गेला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना पहिली हाक ऑफिसं उघडायच्या आत येते. घरात त्याचं एवढंच उरलेलं – दाराशी बुटांची मोकळी जागा, आणि हा पालथा कप.

तिचा फोन रात्रभर चार्जिंगला, तिथेच, ओट्यावर मिक्सरशेजारी. आंघोळीहून येऊन तिने तो उचलला होता तेव्हा मोठ्या बाईंचा निरोप येऊन बसलेला होता: ‘खोली बघून ठेवलीय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. दुसरी एक जण रांगेत आहे.’ तो वाचून होतोय न होतोय, तेवढ्यात हा कप. सकाळच्या घाईत माणूस दोन काळज्या एकदम उचलू शकत नाही. तिने कप फडताळात ठेवला, फोन पर्समध्ये टाकला, कुलूप लावलं. आणि जिना उतरताना परत वर जाऊन पाहिलं की कुलूप लागलंय ना. लागलं होतं.

मोठ्या बाई म्हणजे तिच्या जुन्या वरिष्ठ. ती अजून जाते त्याच, कवळ्या करायच्या प्रयोगशाळेत दोघी शेजारी बसून शिकल्या-शिकवल्या, मग बाई लांबच्या शहरात गेल्या आणि त्यांनी स्वतःची लॅब थाटली. आता त्यांना मेणात दात बसवणारा पक्का हात हवा होता. पगार चांगला, काम चांगलं, खोलीही बघून ठेवलेली. मुलगा वसतिगृहात, म्हणजे अडवायला तोही नाही. आणि हे सगळं महिनाभर तिच्या पोटात, त्याला एक अक्षर सांगितलेलं नाही. का नाही? सांगितलं असतं तर तो ‘बरं’ म्हणाला असता. त्याचं ‘बरं’ तिला ठाऊक होतं – होकार नाही, नकार नाही, लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज. नोकरीसाठी जाणं आणि निघून जाणं यांना बॅग तीच लागते, आणि आपण कुठलं जाणं जातोय हे तिचं तिलाच अजून ठरवता आलं नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिने फोन काढला, ती कथा टाकायची ते संस्थळ उघडलं – आणि प्रतिसादांच्या तळाशी ‘वाचनमात्र’ हे नाव दिसलं. नेहमीसारखंच. पण त्याखाली या वेळी नेहमीचा तो एकच शब्द नव्हता.

हे सगळं जुन्या एका मालिकेपासून सुरू झालं होतं. एक बेट, त्यावर दीपगृह, दीपगृहात मुखदुर्बळ दिवेवाला, आणि किनाऱ्यावरून वर्षभरासाठी आलेली डॉक्टरीणबाई. मालिका बरी चालली होती. मग एका भागात बोट धक्क्याला लागली, डॉक्टरीणबाईने फळीवर एक पाय ठेवला, वर दिवेवाला नुसता उभा – आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला कपडे धुण्याच्या पावडरीची स्पर्धा दाखवायला लागले. संपलं. का बंद पडली ते कुणी सांगितलं नाही. पंधरा वर्षं झाली, ती बाई फळीवर एक पाय ठेवून तशीच उभी आहे. तिला तिथून हलवायला काही मंडळी त्या संस्थळावर जमली आणि आपापल्या परीने पुढचं लिहायला लागली. कुणी तिला बोटीत बसवलं, कुणी समुद्रात ढकललं, एका बहाद्दराने दिवेवाल्याला गाणं म्हणायला लावलं. याला फॅन फिक्शन म्हणतात हे तिला मागाहून कळलं. तोवर तिची दहा प्रकरणं होऊन गेली होती.

तिथे तिचं नाव ‘बिनपगारी’. कथांपेक्षाही जास्त प्रसिद्ध होता तिचा सल्ल्यांचा धागा. नवशिक्यांनी कथा कशी लिहावी, कशी टाकावी, टाकल्यावर स्वतःचं काय करावं. ‘प्रकरण टाकल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रतिसाद न आल्याने कुणी दगावल्याची नोंद नाही. पान पुन्हापुन्हा उघडून अंगठा सुजल्याच्या बऱ्याच आहेत.’ ‘नायिकेला स्वतःचे केस, स्वतःची उंची आणि स्वतःची अर्धशिशी एकदम देऊ नका. एक काहीतरी स्वतःकडे ठेवा.’ ‘मिठीचा प्रसंग लिहिताना हातांचा हिशेब ठेवा. मागच्या महिन्यात एका नायकाचे तीन भरले.’ ‘घरी सांगू नका. पहिला प्रश्न येईल, याचे पैसे किती मिळतात. दुसरा येणारच नाही.’ लोक हसायचे, तिच्या सल्ल्यांच्या चौकटी करून एकमेकांना पाठवायचे. आणि एक सल्ला होता तो ती स्वतः दर प्रकरणाला वापरायची: ‘भांडण घरचं घ्या. रेडिमेड असतं, मापात बसतं. फक्त घर बदला.’

तिने घर बदललं होतं. स्वयंपाकघराच्या जागी दीपगृह घातलं, लिफ्टच्या जागी दिवा. त्याची गप्प बसायची तऱ्हा, चप्पल न काढता आत येऊन मग परत जाऊन काढणं, वर्तमानपत्र मधूनच वाचायला सुरुवात करणं – सगळं उचलून दिवेवाल्याच्या अंगावर चढवलं होतं आणि बेतशीर बसलं होतं. चाळिसाव्या प्रकरणात डॉक्टरीणबाईला किनाऱ्यावरून बोलावणं येतं, रेडिओवर. ती दिवेवाल्याला सांगत नाही. आणि त्या रात्री ती सिंकमधल्या त्याच्या कपाकडे – आत चमचा उभा, तळाशी साखरेचा चिखल – बराच वेळ पाहत राहते... इथे मात्र घर बदलायचं राहून गेलं होतं. कप होता तसाच गेला. निळ्या काठासकट.

एकेचाळिसावं शेवटचं. आज संध्याकाळी टाकते, असं तिने जाहीर केलेलं.

‘वाचनमात्र’ हा पहिल्या प्रकरणापासूनचा वाचक. प्रत्येक प्रकरणाखाली त्याचा एकच शब्द: ‘वाचले.’ आवडले नाही, नावडले नाही, वाचले. हजेरीपटावरच्या सहीसारखं. आज त्याखाली चार ओळी होत्या:

‘ती बोटीत बसणार हे दिसतंच आहे. बसू दे. पण तिने त्याला एकदा विचारायला हवं होतं. आणि समजा, त्याने न सांगता एक दिवस स्वतःचा कप धुतला असता, तर तिच्या ते लक्षात आलं असतं का?’

बस थांबली, सुटली, परत थांबली. तिचा थांबा मागे गेला.

*

चालत परत येताना तिने हिशेब मांडला. घाबरल्यावर काही जण देवाचं नाव घेतात, काही जण पाणी पितात; ती जमा-खर्च मांडते. जमेच्या बाजूला – म्हणजे ‘तो’च असल्याच्या बाजूला: कप. आज, नेमका आज. दुसरं, अकराव्या प्रकरणात वाचनमात्राने एकदाच, एकदाच, ‘वाचले’च्या पुढे काही लिहिलं होतं – दिवेवाला दोराला लटकतो आणि दोर अचानक तुटतो, त्यावर: ‘दोर अचानक तुटत नाही. आधी आवाज करतो.’ दोर! हे कुणाला ठाऊक असतं? ज्याचा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात दोरांना कान लावून गेला त्याला. तिसरं, तो हल्ली जेवल्यावर फोन घेऊन गॅलरीत बसतो. काय बघतोस... बघता, असं तिने कधी विचारलं नव्हतं.

कारण घरी ती त्याला ‘अहो’ म्हणत होती. पहिल्या दिवशी सासूबाईंसमोर जीभ वळली ती तशीच राहिली. कथेत मात्र डॉक्टरीणबाई दिवेवाल्याला दुसऱ्याच प्रकरणात ‘तू’ म्हणाली होती, आणि ते लिहिताना तिला स्वतःच्याच कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं होतं.

खर्चाच्या बाजूला: तो वाचत नाही. मुलाची प्रगतिपुस्तकंसुद्धा तो शेवटून वाचायचा. आणि ‘समजा’ हा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता.

पण लिहिताना माणूस वेगळा असतोच की. मी नाही? मला घरी कोण ‘विनोदी’ म्हणतं?

मग तिला बाकीचं आठवायला लागलं. सातवं प्रकरण – दिवेवाल्याच्या घोरण्याला तिने भोंग्याची उपमा दिली होती, आणि त्या घोरण्याने दोन बोटी वाट चुकतात असं दाखवलं होतं. एकोणीस – जिथे डॉक्टरीणबाई म्हणते, याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं. सव्वीस. अरे देवा, सव्वीस. सव्वीसमध्ये ती दुसऱ्या कुणाचा तरी विचार करत झोपते... ते खोटं होतं, ते निव्वळ प्रतिसादांसाठी, तिथे वाचक गळायला लागले होते म्हणून! पण त्याला कोण सांगणार, की एकोणीस खरं आणि सव्वीस खोटं? वाचणाऱ्याला सगळं सारखंच छापलेलं दिसतं. आणि त्यावर त्याने काय लिहिलं? वाचले. एवढं सगळं वाचून, रात्री शेजारी झोपून, सकाळी उठून, दर वेळी – ‘वाचले.’

आणि चाळीस. बोलावणं. म्हणजे त्याला कळलंय.

*

ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. तिच्या टेबलावर प्लास्टरचा जबडा वाट बघत होता. वरचा आणि खालचा, बिजागरीच्या चौकटीत बसवलेले, आ वासलेले. बरोबर दंतवैद्याची चिठ्ठी – ‘पुढच्या दोन दातांत फट ठेवावी. आधीची कवळी फट नसलेली होती. पेशंटची पत्नी म्हणते, हे माझे ते नव्हेतच.’ आणि जुना एक फोटो. फोटोत एक माणूस हसत होता, फट दाखवून, लाज नाही वाटत असा.

तिने मेण तापवलं. दात उचलला, टेकवला, मान वाकडी करून पाहिलं. दुसऱ्याच्या तोंडात काय शोभेल हे ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शेजारच्या टेबलावर प्लास्टरवाली – साचे ओतणारी पोरगी, लग्नाला टाळाटाळ करणारी, दिवसभर एका कानात गाणी आणि दुसरा कान लॅबसाठी राखून ठेवलेली – कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

“ताई, आज तुमच्या चेहऱ्याचाच साचा काढू का? हलतच नाहीये.”

“काम कर.”

“करतेय की. ताई, एक विचारू? रागवायचं नाही. तुम्हाला फॅन फिक्शन माहितीये?”

दात मेणात तिरका रुतला. तिने तो उपसला.

“नाही. काय असतं?”

“अहो, म्हणजे आवडत्या मालिकेतली माणसं घ्यायची आणि आपण पुढचं लिहायचं. मी लिहितेय एक. हसू नका हं! ती स्वयंपाकाची स्पर्धा नव्हती का, त्यातले दोघं परीक्षक. ते आधी भांडतात...”

“आणि मग लग्न करतात.”

“अय्या, तुम्हाला कसं कळलं?”

“आणखी काय करणार परीक्षक?”

प्लास्टरवाली खुदकन हसली. “टाकायची भीती वाटते हो. पण तिथे एक बिनपगारी म्हणून आहे ना, तिचे सल्ले भारी असतात. ती म्हणते, पहिलं प्रकरण टाकताना असं समजा की तुम्ही रस्त्यावरून जाताय आणि तुमच्या परकराची नाडी लोंबतेय. निम्म्या लोकांचं लक्ष नसतं, निम्म्यांच्या स्वतःच्या लोंबत असतात.” तिने प्लास्टरचा हात हवेत नाचवला. “कसलं डोकं आहे बाईचं!”

“बाई कशावरून?”

“बाईच. आणि वयस्क. घरी कुणी बोलत नसणार तिच्याशी, म्हणून तर एवढं साचतं. मला ना तिची कधीकधी दया येते.”

तिने फोटो उचलून उजेडात धरला. फट डावीकडे किंचित जास्त होती.

“तिची ती दिवेवाल्याची कथा मात्र मी सोडली,” प्लास्टरवाली बादली ढवळत म्हणाली. “एवढी चाळीस प्रकरणं तो माणूस काही बोलतच नाही. मला राग यायला लागला.”

“त्याचा?”

“छे, हिचा! तो कुठे काय म्हणतोय? हीच त्याला बोलू देत नाहीये. लिहिणारी हीच ना?”

मालकांनी खाकरून दाखवलं. प्लास्टरवालीने दुसऱ्याही कानात गाणं घातलं. म्हणजे ही नव्हे, तिने मनातल्या मनात एक नाव खोडलं – वाचनमात्र ही नव्हे, ही सोडून गेली. उरला... उरला तोच. पण खोडता खोडता जे वाक्य ऐकलं होतं ते मेणावर पडलेल्या केसासारखं तिथेच राहिलं. उचलायला गेलं की आणखी आत जात होतं. हीच त्याला बोलू देत नाहीये. तुला काय माहीत, पोरी? तू लिफ्टवाल्याच्या घरी राहिली आहेस? मी एकदा त्याला विचारलं होतं – कधी बरं? मुलगा लहान असताना – काय विचार करताय, तर म्हणाला, काही नाही. आणि मी म्हटलं, असणारच काय. तेव्हा तो थोडा थांबल्यासारखा... की हे मी नंतर घातलं? एकोणिसाव्या प्रकरणात दिवेवाला थांबतो. घरी कोण थांबलं होतं, आता खात्रीने सांगता येईना. तिने इतक्या वेळा रंग दिला होता की खाली लाकूड कुठलं ते दिसत नव्हतं.

डबा तिने उघडून बंद केला. जिन्यात जाऊन फोन काढला. सल्ल्यांच्या धाग्यात तिनेच लिहून ठेवलं होतं: ‘वाचक कोण आहे याचा शोध घेऊ नका. खिडकीत आलेलं पाखरू पकडायला गेलं की हातात पीस येतं.’ छान वाक्य. लोकांना फार आवडलेलं. तिने वाचनमात्राच्या चार ओळींखाली लिहिलं, ‘तुम्ही स्वतः कधी तुमचा कप धुतला आहे का?’ – आणि अंगठा मागे घ्यायच्या आत पाठवून टाकलं.

मग दर थोड्या वेळाने पान उघडत राहिली. अंगठा सुजेपर्यंत. उत्तर आलं नाही. लिफ्टच्या खड्ड्यात फोनला रेंज नसते, हेही तिने जमेच्या बाजूला मांडलं.

दुपारभर तिचा हात दात बसवत होता आणि ती त्याला. तो कुठे बसून वाचत असेल? लिफ्टच्या छतावर, टॉर्चच्या उजेडात, दोन मजल्यांच्या मध्ये. सव्वीस वाचून टॉर्च बंद करून थोडा वेळ तसाच. चाळीस वाचून... काल रात्री चाळीस वाचलं असणार, आणि सकाळी ती आंघोळीला गेल्यावर सिंकपाशी उभा राहून त्याने नळ सोडला. बोलता येत नाही म्हणून. हा त्याचा प्रतिसाद. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच राग: म्हणजे माझ्या चाळीस प्रकरणांना एक कप? आणि लगेच भीती: म्हणजे आज संध्याकाळी तो बसून राहणार, मी शेवट काय करते ते बघायला. दोन्ही शेवट तिच्या फोनात तयार होते. एकात डॉक्टरीणबाई दुसरा पाय उचलते, दुसऱ्यात पहिला मागे घेते. दोन्हींत दिवेवाला वर नुसता उभा होता.

आणि मोठ्या बाईंना उत्तर द्यायचं होतं. कथेचा शेवट आणि ते उत्तर एकच होतं. जे इथे टाकेन ते तिथे.

*

घरी आली तेव्हा तो स्टुलावर उभा होता, स्वयंपाकघरात, डोकं आणि दोन्ही हात धूर ओढणाऱ्या पंख्याच्या भोकात. त्याचा शर्ट दाराच्या खुंटीला, आणि शर्टाच्या खिशात फोन. कापडातून फोनची चौकट दिसत होती. आठवडाभर पंखा खडखडत होता. दुसऱ्यांच्या यंत्रांचे आवाज ऐकून येणारा माणूस घरातल्या आवाजाला बहिरा, हेही तिने कुठल्यातरी प्रकरणात वापरलं होतं.

“आलीस?” भोकातून आवाज आला. “पकड दे गं. ओट्यावर आहे.”

तिने पकड दिली. त्याच्या बोटांना काळं वंगण. तिने स्टूल धरलं, कारण स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि ते डुगडुगायचं. आता बोलेल. आता काहीतरी म्हणेल. तिने खाली पाहिलं – त्याच्या मोज्याला टाचेपाशी भोक होतं, दिवेवाल्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी होतं.

पर्समध्ये तिचा फोन थरथरला.

एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताने तिने तो काढला. वाचनमात्र. तिने आधी वर पाहिलं: दोन्ही हात पंख्यात. मग खुंटीकडे: शर्ट, खिसा, फोन. मग वाचलं:

‘अहो, मी बाई आहे. कप मीच धुते. गेली कित्येक वर्षं, दोघांचेही. म्हणून तर विचारलं. शेवट लवकर टाका, मला पुढे स्वयंपाक आहे.’

तिला हसू यायला हवं होतं. दिवसभराचा धोंडा उतरला, सव्वीस त्याने वाचलं नाही, भोंगा त्याने ऐकला नाही; सुटले... ती मोकळ्या श्वासाची वाट बघत उभी राहिली. श्वास आला तो रिकामा आला. म्हणजे टॉर्च नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये कुणी बसलं नव्हतं. चाळीस प्रकरणं घरातलं माणूस शेजारी झोपून घोरत होतं, खुशाल, काही न वाचता. सकाळपासून ती ज्याला घाबरली, ज्याच्यावर चिडली, ज्याच्यासाठी दुपारी डोळे पुसले, तो माणूस या स्टुलावर नव्हताच. तोही तिनेच लिहिला होता, एका दिवसात, कुठेही न टाकता, आणि खरं सांगायचं तर तिच्या सगळ्या दिवेवाल्यांत तो उजवा होता. त्याचं आता काय करायचं? त्याला कुठल्या खुंटीला टांगायचं?

पण मग कप?

“सकाळी कप का धुतलात?”

“कुठला?”

“तुमचा. चहाचा.”

पकडीचा कुरकुर आवाज झाला. “धुतला होय मी? असेल. उभा होतो तिथं. हातात होता.”

एवढंच. तिने मान हलवली. असणारच काय. हे तिच्या ओठावर आलं आणि तिथेच अडकलं, कारण हे वाक्य आपण आधी केव्हातरी म्हटलेलं आहे, नुसतं लिहिलेलं नाही, हे तिला एकदम लख्ख कळलं. तिने ओठ मिटून घेतले. स्टूल धरून राहिली. पंख्याचं पातं त्याने बोटाने फिरवून पाहिलं. ते आवाज न करता फिरलं आणि थांबलं. तो खाली उतरला नाही. हात आतच ठेवून, भोकातून बाहेर कुठेतरी बघत तो म्हणाला,

“त्या खोलीला खिडकी आहे का?”

“कुठल्या खोलीला?”

“बघून ठेवलीय ना कुणीतरी. सकाळी तुझा फोन उजळला. मी चहा पीत होतो इथं, समोरच होता. वाचायला गेलो नव्हतो.” थोडं थांबून, “वाचलं गेलं.”

चाळीस प्रकरणांत, दोन शेवटांत, दुपारच्या त्या टॉर्चवाल्यातसुद्धा हे वाक्य कुठे नव्हतं. दिवेवाल्याने विचारलं असतं, कधी जातेस. किंवा विचारलंच नसतं. खिडकी आहे का, हे तिला सुचलं नसतं. आणि ते कुठल्या सुरात विचारलंय तेही कळेना – जा असं आहे त्यात, की जाऊ नकोस, की नुसती खिडकी? तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती, घामाने चिकटलेली बनियन, आणि मानेवर एक पांढरा केस, वेगळा, जाड, तो कधी आला होता कुणास ठाऊक.

“विचारलं नाही मी अजून,” ती म्हणाली.

“विचार ना. तुला बंद खोलीत झोप लागत नाही.”

तिने काही म्हणायला तोंड उघडलं. जिभेवर ‘अहो’ होतं, त्याच्यामागे ढकलाढकली करत ‘तू’ होतं, आणि दोन्हींच्या पुढे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. फोनची काच हातात उजळून विझली. वर पातं वाऱ्याने आपसूक अर्धा वेढा फिरलं. स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ती मान वर करून उभी राहिली, तो आता पुढे काय म्हणतो याची वाट बघत, आणि त्याने काय म्हणावं हे तिने या वेळी ठरवलेलं नव्हतं.